ग्रेवॉल्स: गोल्फसाठी बांधलेलं घर आणि त्याचं झालेलं हॉटेल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडिनबरोला जाणाऱ्या, तिथे राहणाऱ्या आणि आर्किटेक्चर शिकणाऱ्या मराठी मंडळींकडून या घराबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. मतं माझी आहेत, पटली नाहीत तर वाद घालायला हरकत नाही.

ग्रेवॉल्स आहे कुठे आणि ते इतकं नावाजलेलं का?

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, ईस्ट लोदियन परगण्यात गलन नावाचं गाव आहे. एडिनबरोपासून साधारण तीस किलोमीटर. गावाच्या पूर्वेच्या टोकाला म्युरफील्डचं गोल्फ मैदान आहे आणि त्याला अगदी खेटून ग्रेवॉल्स उभं आहे. घर १९०१ मध्ये पुरं झालं. वास्तुविशारद एडविन ल्युटेन्स. हो, दिल्लीचं राष्ट्रपती भवन बांधणारेच. स्कॉटलंडमध्ये ल्युटेन्सनी फार कमी काम केलं, त्यामुळे या घराला तिथल्या वास्तुकलेच्या इतिहासात वेगळं स्थान आहे. १९४८ पासून ते हॉटेल म्हणून ओळखलं जातं.

फोटोत तर बुटकं, साधं घर दिसतं. स्कॉटलंड म्हटल्यावर बुरूज, कमानी, उंच मनोरे हवेत ना?

ही तक्रार सगळ्यात जास्त येते. आपल्या डोक्यात जे स्कॉटिश घर असतं त्या शैलीला बॅरोनियल म्हणतात. तिचं मूळ पंधराव्या ते सतराव्या शतकातल्या मनोऱ्यासारख्या घरांत आहे. शेजाऱ्यांशी सतत मारामाऱ्या, दगड मुबलक आणि सपाट जागेची चणचण, त्यामुळे सरदार मंडळी खोलीवर खोली चढवत गेली. जाड भिंती, आत गोल गोल फिरणारा अरुंद जिना, कोपऱ्यात बाहेर झुकलेल्या छोट्या बुरुज्या, आणि पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणारी त्रिकोणी भिंतीची कड. बाहेरून चुना आणि बारीक खडीचा गिलावा, म्हणजे पावसाचं पाणी सांध्यात शिरत नाही.

पण आज हॉटेल म्हणून दिसणारे बरेचसे ‘किल्ले’ त्या काळातले नाहीतच. ते एकोणिसाव्या शतकातले आहेत. राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी १८५३ ते १८५६ या काळात बालमोरल नव्याने बांधून घेतलं आणि पैसेवाल्यांमध्ये बुरूज लावायची लाटच आली. डेव्हिड ब्राइससारख्या वास्तुविशारदांकडे कामांची रांग लागली. फोर्ट विल्यमजवळचं इन्व्हरलॉखी कॅसल १८६३ मधलं, म्हणजे आपल्या बोरीबंदर ते ठाणे रेल्वेपेक्षाही दहा वर्षांनी धाकटं. तोफ डागणारा शत्रू तोवर केव्हाच संपला होता. उरली होती फक्त हौस.

ग्रेवॉल्स या लाटेत बसत नाही. ल्युटेन्स इंग्रज, आणि ते ज्या परंपरेत वाढले ती सरे परगण्यातल्या गावठी घरांची, हाताने केलेल्या कामाची, स्थानिक मालाची. त्यांनी ती परंपरा ईस्ट लोदियनमध्ये आणली, पण दगड आणि कौलांची भाषा तिथलीच ठेवली. बुरूज बघायला जाणाऱ्यांची इथे निराशा होईल, हे आधीच सांगून ठेवतो.

घर बांधून घेतलं कोणी?

आल्फ्रेड लिटलटन यांनी. वकील, खासदार, पुढे १९०३ ते १९०५ या काळात ब्रिटनचे वसाहतमंत्री. पण आपल्याकडच्या वाचकाला त्यांची ओळख क्रिकेटमधून करून दिली तर जास्त आवडेल. इंग्लंडकडून फुटबॉल आणि क्रिकेट दोन्ही खेळलेले ते पहिले खेळाडू. १८८४ मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाने ५५१ धावा कुटल्या. इंग्लंडच्या अकराही जणांनी गोलंदाजी करून पाहिली. शेवटी यष्टिरक्षक लिटलटननी पॅड न काढताच हाताखालून लॉब टाकले आणि १९ धावांत ४ बळी घेतले. तेवढा वेळ यष्टींमागे डब्ल्यू. जी. ग्रेस उभे होते!

या गृहस्थांना गोल्फचंही वेड होतं. म्युरफील्डच्या अठराव्या होलच्या हिरवळीपासून ‘मॅशी निब्लिक’च्या एका फटक्याच्या अंतरावर आपलं घर हवं, अशी त्यांची मागणी होती असं सांगतात. मॅशी निब्लिक म्हणजे आजच्या सात नंबरच्या आयर्नच्या जवळपास जाणारी जुनी काठी. वास्तुविशारदाला मिळालेलं इतकं नेमकं ब्रीफ माझ्या माहितीत दुसरं नाही.

हे तेच का, दिल्ली दरबारवाले लॉर्ड लिटन?

नाही. व्हाईसरॉय लिटन वेगळे, वसाहतमंत्री लिटलटन वेगळे. पण गंमत अशी की ल्युटेन्स लिटनचे जावई होते. १८७७ चा दरबार भरवणाऱ्या आणि १८७८ मध्ये देशी वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणाऱ्या त्याच व्हाईसरॉयची मुलगी एमिली १८९७ मध्ये ल्युटेन्सची पत्नी झाली. सासरे तोवर हयात नव्हते.

गोल्फसाठी एवढं घर बांधायचं म्हणजे जरा अतिच नाही का?

त्या काळाच्या हिशेबाने नाही. एडिनबरोच्या जुन्या गोल्फपटूंचा क्लब, ऑनरेबल कंपनी, १८९१ मध्ये मसलबरा सोडून म्युरफील्डला आला. पुढच्याच वर्षी तिथे ‘ओपन’ ही ब्रिटनची मानाची गोल्फ स्पर्धा झाली. १८९८ मध्ये गलनपर्यंत आगगाडी आली. जवळच्या नॉर्थ बेरिकला लंडनचे राजकारणी उन्हाळ्यात तळ ठोकायचे, पंतप्रधान आर्थर बाल्फोरसुद्धा त्यात. मैदान झालं, रेल्वे आली, ओळखीची माणसं आली, की पाठोपाठ बंगला येतोच. लोणावळा–माथेरानचं गणित याहून वेगळं नव्हतं.

मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी त्यातून निघतात. हे वडिलोपार्जित जमीनदाराचं घर नव्हतं. भोवती शेतसारा देणारी गावं नव्हती, पूर्वजांच्या तसबिरी टांगायला लांबलचक दालन नव्हतं. सुट्टीत यायचं, पाहुणे बोलवायचे, खेळायचं, जेवायचं, झोपायचं.

आत शिरताना नेमकं काय पाहायचं?

हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

गाडी थेट दारापर्यंत नेऊ नका. फाटकापाशी उतरा आणि चालत जा. बाहेर रस्त्यावरून घर जवळजवळ दिसतच नाही, दिसतात त्या भिंती. फाटकाच्या दोन बाजूंना दोन छोटी पहारेकऱ्याची घरं आहेत. त्यांच्यामधून आत गेलात की वाट घराला समोरून न भिडता जागेच्या कोपऱ्यातून, तिरकी जाते. दोन्हीकडच्या भिंती वळत वळत बाजूला होतात आणि समोर येतो तो घराचा दर्शनी भाग. तो सरळ नाही, विळ्यासारखा आत वळलेला आहे. त्याची पोकळ बाजू तुमच्याकडे.

साधारणपणे मोठं घर पाहुण्यासमोर छाती पुढे काढून उभं राहतं. मधे खांब, वर त्रिकोणी मुकुट, पायऱ्या चढून वर या. इथे घर मागे सरतं आणि पाहुण्याला जागा करून देतं. आत वळलेल्या त्या भिंतीमुळे समोरचं अंगण खोलीसारखं बंदिस्त वाटतं. वर छप्पर नाही एवढंच. घराची उंची मुद्दाम कमी राखली आहे, वरचा मजला छपरात अर्धा दडल्यासारखा, आणि तेवढ्यासाठी धुराडी मात्र उंच. लांबून बघणाऱ्याला घराचा पत्ता धुराडीच सांगतात.

एवढं होईपर्यंत तुम्हाला ना समुद्र दिसलेला असतो ना गोल्फचं मैदान. ज्यासाठी घर बांधलं तीच गोष्ट ल्युटेन्सनी पाठीमागे लपवली. दार ओलांडून पलीकडच्या खोलीत गेलात की एका बाजूला मैदान आणि त्यापलीकडे फर्थ ऑफ फोर्थची खाडी, तर दुसऱ्या बाजूला बाग आणि लांबवर लॅमरम्युअरच्या टेकड्या. जमीन सपाट, घर बुटकं, तरी देखावा एकदम हाती पडत नाही. टप्प्याटप्प्याने मिळतो.

विद्यार्थ्यांना एकच सांगेन: या घराचा एलेव्हेशन कॉपी करून काही मिळणार नाही. फाटकापासून दारापर्यंतचा नकाशा हाताने काढून बघा.

दगड कुठला? आणि कौलं?

दगड जवळच्याच डर्ल्टन गावाकडच्या रॅटलबॅग्ज खाणीतला. नावात ‘ग्रे’ असलं तरी रंग सायीसारखा, ऊन पडलं की मधाकडे झुकणारा. फार गुळगुळीत घडवलेला नाही, त्यामुळे तिरप्या उन्हात प्रत्येक दगडाची कड वेगळी उठून दिसते. एवढ्या उत्तरेला, ५६ अक्षांशावर, ऊन बहुतेक वेळ तिरपंच असतं. डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम दहा-अकरा अंश वर येतो.

छपरावर इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली पन्हाळी कौलं आहेत. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या घरांवर अशी कौलं सर्रास दिसतात. हॉलंडला माल घेऊन गेलेली जहाजं परतताना डोलू नयेत म्हणून भार भरून यायची, त्यात ही कौलं यायची. पुढे ती इथेच भाजायला लागले. स्थानिक कौलं लाल, ल्युटेन्सनी मात्र करडी घेतली. बंगला श्रीमंताचा, छपराचा घाट गरिबाच्या घरासारखा, आणि रंग दोघांचाही नाही. ल्युटेन्सचा हा खट्याळपणा मला आवडतो.

इतक्या भिंती कशाला? बाग तर मोकळी हवी.

एकदा वारा खाऊन बघा, मग विचारा. पाऊस इथे स्कॉटलंडच्या मानाने कमी. पश्चिमेला फोर्ट विल्यमला याच्या तिपटीच्या घरात पडतो. पण खाडीवरून येणारा खारा वारा झाडाला उभं राहू देत नाही. म्हणून बाग भिंतींनी कप्प्याकप्प्यांत तोडली आहे. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना दार, पुढे सरळ वाट, वाटेच्या टोकाला भिंतीतली मोकळी चौकट आणि तिच्यातून दिसणारा पलीकडचा मुलूख. भिंती घराच्याच दगडाच्या असल्याने घर कुठे संपलं आणि बाग कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही.

बाग गर्ट्रूड जेकिल यांची आहे, हे नक्की का?

तसं मानलं जातं. जेकिल म्हणजे त्या काळातल्या इंग्लंडमधल्या सर्वांत वजनदार बागकार बाई. विशीतल्या ल्युटेन्सना त्या १८८९ मध्ये भेटल्या, तेव्हा त्या पंचेचाळिशी ओलांडलेल्या. पुढे त्यांनी आपलं सरेमधलं मन्स्टेड वुड हे घर ल्युटेन्सकडूनच बांधून घेतलं आणि दोघांनी मिळून कितीतरी बागा केल्या. हाडं ल्युटेन्सची, मांस जेकिलचं, अशी विभागणी असायची. ग्रेवॉल्सच्या बागेचा सांगाडा ल्युटेन्सचा हे उघड आहे. लावणीबद्दल मात्र ‘जेकिल यांची समजली जाते’ एवढंच म्हणणं बरं. शंभर वर्षांत झाडं किती वेळा बदलली असतील, त्यामुळे आज तिथे जे फुलतं त्याचं श्रेय माळ्यांना द्यायला हवं.

दिल्लीच्या राष्ट्रपती भवनाशी काही नातं दिसतं का?

आकारात काहीच नाही. एकीकडे सुट्टीतला बंगला, दुसरीकडे ३४० खोल्यांचा राजवाडा. ग्रेवॉल्सच्या वेळी ल्युटेन्स एकतीस-बत्तीस वर्षांचे होते. दिल्लीचं काम त्यांच्याकडे १९१२ मध्ये आलं.

तरी एक धागा आहे: माणूस इमारतीपाशी पोहोचतो कसा, याचा विचार. दिल्लीत याच मुद्द्यावरून ल्युटेन्सचं आणि तिथले दुसरे वास्तुविशारद हर्बर्ट बेकर यांचं कायमचं वाजलं. रायसीना टेकडीचा चढ असा ठेवला गेला की विजय चौकातून वर चढताना समोरचा राजवाडा हळूहळू जमिनीआड बुडतो, फक्त घुमट उरतो. चढ बदलून मिळावा म्हणून ल्युटेन्सनी आकाशपाताळ एक केलं, कोणी ऐकलं नाही. ग्रेवॉल्समध्ये त्यांनीच घर मुद्दाम लपवून मग दाखवलं होतं. लपवणं त्यांना मान्य होतं, पण ते त्यांच्या मर्जीने.

बाकी, दिल्लीत त्यांनी छत्री, छज्जा, जाळी वापरली म्हणून ते भारतीय वास्तुकलेचे भक्त होते असा समज करून घेऊ नका. तिच्याबद्दल ते खासगीत फार तुच्छतेने लिहीत.

लिटलटननी घर लगेच विकलं का?

चार-पाच वर्षांतच. १९०५ च्या सुमारास ते विल्यम जेम्स यांच्याकडे गेलं. ससेक्समधल्या वेस्ट डीन इस्टेटीचे मालक, ल्युटेन्स त्यांनाही परके नव्हते. त्यांच्या पत्नी एव्हलिन म्हणजे ब्रिटनचा राजा एडवर्ड सातवा याच्या गोतावळ्यातल्या नामांकित यजमानीण. त्यांचा मुलगा एडवर्ड जेम्स १९०७ मध्ये गलनलाच जन्मला. हाच पुढे चित्रकार साल्व्हादोर दालीचा मोठा आश्रयदाता झाला. लॉबस्टरचा टेलिफोन आणि ओठांच्या आकाराचा सोफा याच्यासाठीच झाले. उतारवयात त्याने मेक्सिकोच्या जंगलात, शिलित्लाजवळ, कुठेच न पोहोचणारे काँक्रीटचे जिने बांधले. बालपणी पाहिलेल्या वळणदार भिंतींचा त्याच्याशी संबंध जोडायचा मोह होतो, पण पुरावा काही नाही.

राजासाठी बागेत संडास बांधला होता, हे खरं?

होय. एडवर्ड सातवा इथे पाहुणा म्हणून यायचा आणि बागेतून दिसणारा देखावा त्याला आवडायचा. त्याला घरापर्यंत यायचे कष्ट नकोत म्हणून बागेच्या भिंतीतच शौचालय काढून दिलं. हॉटेलात सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट हीच. भिंतीच्या जाडीत सोय बसवायची युक्ती मात्र स्कॉटलंडला नवी नव्हती, जुन्या मनोऱ्यांतले शौचकूप तसेच असायचे.

लॉरिमर कोण आणि त्यांचा भाग वेगळा ओळखू येतो का?

सर रॉबर्ट लॉरिमर, एडिनबरोचे वास्तुविशारद. त्यांना लोक ‘स्कॉटलंडचे ल्युटेन्स’ म्हणत. त्यांना स्वतःला ते कितपत रुचलं असेल कोण जाणे. एडिनबरोच्या सेंट जाइल्समधलं थिसल चॅपेल आणि किल्ल्यावरचं राष्ट्रीय युद्धस्मारक त्यांचं. १९११ च्या सुमारास त्यांनी जेम्स कुटुंबासाठी ग्रेवॉल्सला एक पाखा जोडला. दगड तोच, कौलं तीच, उंची बेताची. सहज फिरणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. मोठ्या माणसाने दुसऱ्या मोठ्या माणसाच्या कामात भर घालताना आपली सही न करणं, हे क्वचितच घडतं.

हॉर्लिक्सवाल्यांचं घर होतं म्हणतात ते?

बरोबर. लहानपणी दुधात घालून प्यायलेलं तेच हॉर्लिक्स. त्या घराण्यातल्या सर जेम्स हॉर्लिक यांनी १९२४ मध्ये ग्रेवॉल्स घेतलं. बागेचा नाद त्यांना इतका की पुढे १९४४ मध्ये त्यांनी पश्चिम किनाऱ्यावरचं गिगा बेटच विकत घेतलं आणि तिथे ऱ्होडोडेंड्रॉनची प्रसिद्ध बाग उभी केली. ग्रेवॉल्सचं हॉटेल त्यांच्याच नात्यातल्या माणसांनी केलं.

मग हॉटेल करायची वेळ का आली?

ब्रिटनभर तेच झालं. १८९४ पासून वारसाकर लागला आणि पुढे वाढत गेला. पहिल्या महायुद्धाने वारस नेले, कारखान्यांनी नोकर नेले. दुसऱ्या युद्धात अशी घरं सैन्याने आणि इस्पितळांनी घेतली, परत मिळाली तेव्हा छप्पर गळत होतं. पन्नास खोल्या उबदार ठेवायला लागणारा कोळसा कोणाला परवडणार? शाळा करा, हॉटेल करा, राष्ट्रीय ट्रस्टला द्या, नाहीतर पाडा. स्कॉटलंडमध्ये अशी शेकडो घरं पाडली गेली. काही तर निव्वळ छप्पर काढून टाकून, म्हणजे स्थानिक कर लागू नये.

हॉटेल करताना घराची वाट लागली का?

नाही, आणि त्याचं कारण वर येऊन गेलं. हे घर पहिल्यापासून पाहुण्यांसाठीच होतं.

जमीनदाराच्या वाड्याचं हॉटेल करायचं तर फार कापाकापी करावी लागते. दिवाणखाने अवाढव्य, झोपायच्या खोल्या मोजक्या, नोकरांचे जिने वेगळे, स्वयंपाकघर जेवणघरापासून मैलभर लांब. मग एका उंच दालनाच्या तीन खोल्या करतात, छताची प्लास्टरची नक्षी भिंतीने मधोमध कापली जाते, आणि पलंगावर पडल्यावर वर अर्धं फूल दिसतं. मागच्या बाजूला लग्नांसाठी हॉल चढवला की उरलंसुरलं गेलं. आत गालिच्यापासून पडद्यांपर्यंत चौकडीचं कापड आणि भिंतीवर सांबरांची शिंगं, ही सजावट कोणी सुरू केली त्याला शोधायला हवं.

ग्रेवॉल्समध्ये बसायच्या खोल्या माणसाच्या मापाच्या, झोपायच्या खोल्या भरपूर, आणि सगळा विस्तार वीसेक खोल्यांचा. लाकडी पॅनेलिंगची लायब्ररी हॉटेल झाल्यावरही लायब्ररीच राहिली. शेकोटी, पुस्तकं, खोल खुर्च्या. लिटलटनचे पाहुणे खेळून आल्यावर जे करत तेच पैसे भरणारे पाहुणे करतात. जुन्या वास्तूला नवा उपयोग शोधताना आपण सोयींची यादी करतो. आधी हे बघावं की मूळ उपयोगाच्या जवळचा उपयोग कोणता.

‘अ’ श्रेणीची वास्तू म्हणजे मालकाला खिळाही ठोकता येत नाही का?

ठोकता येतो, खिळ्याला कोणी अडवत नाही. स्कॉटलंडमध्ये वारसा इमारतींच्या अ, ब, क अशा तीन श्रेणी आहेत. यादी हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड ही संस्था ठेवते, परवानगी स्थानिक कौन्सिल देते. ग्रेवॉल्स सर्वांत वरच्या श्रेणीत आहे. दर्शनी भागच तेवढा राखायचा असा समज आपल्याकडे असतो, तो इथे चालत नाही. आतला भाग, आवारातल्या जुन्या भिंती, सगळं त्यात येतं. खिडकी बदलायची, भिंत फोडायची, लिफ्ट बसवायची, तर आधी अर्ज. श्रेणी वरची म्हणून नियम वेगळे नसतात. छाननी कडक होते, एवढंच.

जुन्या घराच्या हॉटेलात आगीची भीती असते का?

हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतं, खरं तर विचारायला हवा. अशा घरांच्या लाकडी पॅनेलिंगमागे, तक्तपोशीवर, बंद केलेल्या जुन्या जिन्यांत पोकळ्या असतात. आग त्यातून दिसेनाशी धावते. डिसेंबर २०१७ मध्ये लॉख लोमंडच्या काठी कॅमरन हाउस या हॉटेलला आग लागली. तेही जुन्या घराचंच हॉटेल. शेकोटीतली राख पिशवीत भरून, कागद आणि लाकडं असलेल्या कपाटात ठेवली गेली होती. दोन पाहुण्यांचा जीव गेला. नंतरच्या चौकशीत, जुन्या वास्तूंचं हॉटेल करताना पाणी फवारणारी स्प्रिंकलरसारखी यंत्रणा बसवण्याचा मुद्दा पुढे आला. तेव्हा छतात स्प्रिंकलरची तोटी दिसली तर ‘सौंदर्य बिघडवलं’ म्हणून नाक मुरडू नका. आणि खोलीत पोहोचल्यावर आधी मागचा जिना कुठे उतरतो ते बघा.

डलहौसीचं घरही हॉटेल झालं आहे ना?

झालं आहे, आणि मराठी माणसाने ते मुद्दाम बघावं. १८४८ मध्ये सातारा आणि नंतर नागपूर खालसा करणारा लॉर्ड डलहौसी १८१२ मध्ये एडिनबरोच्या दक्षिणेकडच्या डलहौसी कॅसलमध्ये जन्मला, १८६० मध्ये तिथेच वारला. रॅम्से घराण्याची ही गढी तेराव्या शतकापासूनची. आज उभं असलेलं बरंचसं बांधकाम नंतरचं. मध्यंतरी तिथे शाळा होती, १९७० च्या दशकात हॉटेल झालं.

दारात थांबून वर बघा. भिंतीत उभ्या लांबट खाचा दिसतील, उचलपुलाचे दांडे किंवा साखळ्या त्यातून जायच्या. तळघराच्या दगडी कमानीखाली जेवणाची सोय केली आहे. ग्रेवॉल्स आणि डलहौसी एकापाठोपाठ एक बघितली तर ‘जुन्या घराचं हॉटेल’ म्हणजे दोन अगदी वेगळी कामं आहेत हे लक्षात येतं. एकात घर तसंच चालू राहिलं, दुसऱ्यात लढाईसाठी केलेल्या जागेत गादी घालायची होती. औलादीशिवाय गेलेल्या राजाचं राज्य घेणाऱ्याच्या घरात आज कोणीही भाडं भरून झोपतं, यावर काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

मुंबईच्या इमारतींशी स्कॉटलंडचा काही संबंध?

ग्रेवॉल्सचा नाही, स्कॉटलंडचा भरपूर. मुंबईचं जनरल पोस्ट ऑफिस बांधणारे जॉन बेग स्कॉटिश. त्यांचे सहायक म्हणून १९०४ मध्ये आलेले जॉर्ज विटेट स्कॉटलंडच्या ब्लेअर अथोलचे. गेटवे ऑफ इंडिया आणि आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ही विटेटची कामं. ते १९२६ मध्ये मुंबईतच वारले, शिवडीच्या दफनभूमीत आहेत.

मुक्काम न करता ग्रेवॉल्स बघता येईल का? जायचं कसं?

हॉटेल असल्याने सरसकट तिकीट काढून बघायची सोय नाही. चहा किंवा जेवणाला बाहेरच्यांना घेतात का, हे जाण्याआधी फोन करून विचारा, अशा जागांचे नियम आणि हंगाम बदलत राहतात. गलनची रेल्वे १९३२ मध्येच प्रवाशांसाठी बंद झाली. एडिनबरो वेव्हर्लीहून नॉर्थ बेरिकच्या गाडीने ड्रेमला उतरा, अर्धा तास लागतो, पुढे टॅक्सी. एडिनबरोहून थेट बसही गलनमधून जाते. मे ते जुलै उत्तम, संध्याकाळी नऊपर्यंत उजेड असतो आणि दगडाचा रंग त्याच वेळी खुलतो. म्युरफील्डला मोठी स्पर्धा असेल त्या आठवड्यात मात्र खोली मिळायची आशा सोडा.

गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही. तरी जावं का?

जावं. मलाही कळत नाही. पहारेकऱ्यांच्या घरांपासून दारापर्यंत दोनदा चाला, एकदा आत जाताना आणि एकदा उलट. मग मैदानाच्या बाजूची खिडकी पकडून चहा मागवा. बाहेर काय चाललंय ते शेजारच्या टेबलावरचा कोणीतरी न विचारता समजावून सांगतोच.